भात्याच्या देवळाबाहेर

मामा,

तुमच्या शोकसभेत मला बोलायला दोन मिनिटं दिली होती. त्याआधी साहेबांनी कागदावरून तुमची सगळी नोकरी वाचून दाखवली. टूलरूममध्ये किती वर्षं काढलीत, पत्रा दाबायच्या कुठकुठल्या डाय उभ्या केल्यात, हाताखालून किती माणसं तयार झाली. सगळं खरं होतं, फक्त त्यात तुम्ही कुठं सापडत नव्हतात. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, "मामा होते म्हणून मी या कंपनीत टिकले," एवढं म्हणाले आणि खाली बसले. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मला रडू आलंय. रडू नव्हतं आलं. जे सांगायचं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं, आणि त्यातलं बरंचसं तुम्हालाच सांगायचं राहिलेलं होतं. तुम्ही जाऊन आज चौदा दिवस झाले. रविवार आहे, घरातले बाहेर गेलेत, म्हणून लिहायला बसलेय.

चाकणला मी दुभाषी म्हणून लागले तेव्हा तुम्ही माझ्याकडं संशयानंच बघायचात. जपानहून आलेले साहेब टूलरूममध्ये उभे राहून बोलायचे, मी ते मराठीत सांगायची, आणि तुम्ही हातातली कानस खाली ठेवून विचारायचात, "त्यो माणूस पाच मिन्टं बोलला आन तू येका वाक्यात सांगितलंस. मधलं कुठं गेलं?"

"मधलं सगळं नमस्कार-चमत्कार असतं, सर."

"मग त्ये बी सांग. आमाला बी कळूदे, आमाला कितीदा नमस्कार घातला त्यो. आन सर म्हणू नगंस. हितं समदी मामा म्हणत्यात."

तेव्हापासून मी नमस्कारसुद्धा भाषांतर करून सांगायला लागले. "ते म्हणतायत, तुम्ही फार दमला असाल, तरी माफ करा, पण हा पंच अर्ध्या केसाएवढा जास्त जाड आहे." तुम्ही मान डोलवायचात आणि तो पंच घेऊन कानस मारत बसायचात. त्या साहेबांना तुम्ही आवडायला लागलात, आणि तुमची निवृत्ती दीड वर्षावर आलेली असताना, नव्या प्रेसच्या ट्रेनिंगसाठी सहा आठवडे जपानला जायच्या यादीत तुमचं नाव सगळ्यात वर आलं. तुम्ही नाही म्हणालात. दिवाळी घराबाहेर कधी केली नाही, म्हणालात. मग मामींनीच तुम्हाला ढकललं, हे मला नंतर कळलं.

आपण चौघं गेलो. तुम्ही, मी आणि दोन तरुण इंजिनिअर. गाव लहान होतं, डोंगराच्या कुशीत, आणि जुन्या काळापासून लोखंडाच्या कामाचं. कात्र्या, सुऱ्या, कुदळी घडवणाऱ्यांची घरं, त्यांचीच पुढं मोठी झालेली वर्कशॉप, आणि शेवटी आपल्या कंपनीचा कारखाना. दिवाळी आपण वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात केली. तुम्ही घरून आणलेला चिवडा काढलात आणि मी स्टीलच्या वाटीत पणती लावली, तर धुराची घंटा वाजेल म्हणून पहारेकरी धावत आला.

तुम्हाला शिकवायला निशिदा-सान, म्हणजे निशिदाराव, होते. बहात्तर वर्षांचे, आठवड्यातून तीन दिवस कारखान्यात येणारे, कमी बोलणारे. तुम्ही दोघं एकमेकांच्या हाताकडं बघून काम करायचात आणि मला बिनकामाची करून टाकायचात. एकदा निशिदा-साननी डायच्या कडेवरून अंगठा फिरवला, तुम्ही फिरवलात, दोघांनी एकदमच नाक मुरडलं. मी काय भाषांतर करणार?

एका सकाळी निशिदा-सान कोट घालून आले आणि म्हणाले, आज कारखाना अर्धा दिवस बंद, आज भात्याचा सण. मी दोनदा विचारून खात्री केली. भाताच. लोहार ज्यानं भट्टीला वारा घालतो तो. या दिवशी गावातले लोहार, ओतारी, लोखंडाशी संबंध असलेले सगळे भट्टीला सुट्टी देतात, भात्याला विश्रांती देतात, आणि डोंगरावरच्या जुन्या देवळात संत्री वाहतात. संत्री का, तर फार पूर्वी भाता आकाशातून खाली पडला तो संत्र्याच्या झाडात अडकला. निशिदा-सान म्हणाले, गोष्ट खरी की खोटी माहीत नाही, माझ्या आजोबांनी सांगितली.

मी हे सगळं तुम्हाला सांगत होते आणि तुमचा चेहरा बदलत चालला होता. तुमचे वडील मावळातल्या एका गावचे लोहार होते, एवढं मला ठाऊक होतं. त्यांचा भाता तुम्ही पाहिला होता, ओढला होता. मोशीला राहायला आल्यावर तो माळ्यावर पडून होता आणि कातडं उंदरांनी खाल्लं म्हणून तुम्ही तो भंगारात दिलात, हे मला त्या दिवशी चढण चढताना पहिल्यांदा कळलं.

"तवा काय वाटलं न्हाई," तुम्ही म्हणालात. "आन हितं हे लोक त्याला सुट्टी देत्यात."

देऊळ शिंतो पंथाचं. शिंतो म्हणजे जपानची जुनी देवभक्ती, झाडात, दगडात, डोंगरात, धान्यात देव बघणारी. वाटेत लाल रंगाच्या लाकडी कमानी होत्या, एकामागे एक, आणि प्रत्येकीच्या मागच्या बाजूला ती देणाऱ्याचं नाव काळ्या अक्षरांत. कुठलं वर्कशॉप, कुठला कात्रीवाला. दोन्ही बाजूंना दगडाचे कोल्हे, गळ्यात लाल फडकी बांधलेले. एका प्रचंड झाडाला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर वेढलेला, त्याला पांढरे कागद लटकत होते. तुम्ही झाडाला हात लावणार तेवढ्यात निशिदा-साननी हलकेच मान हलवली आणि तुम्ही हात मागं घेतलात. पहिल्या कमानीशी ते थांबले, वाकले, आणि कडेनं चालू लागले. मधली वाट देवाची. तुम्ही लगेच कडेला झालात.

मी तिथंच, कमानीच्या अलीकडं उभी राहिले.

पुढचं सगळं मी तुम्हाला आधीच समजावून ठेवलं होतं. दगडी कुंडातलं पाणी लाकडी ओगराळ्यानं घ्यायचं, आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ भरायची. समोर जाऊन दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. तुम्ही ते बोटांवर मोजून पाठ केलं होतंत. वळून बघितलंत तर मी मागं.

"चल की."

"तुम्ही जा, मामा. मी इथं थांबते."

"का गं? अडचण हाय का?"

"नाही. मी देवळात हात जोडत नाही."

तुम्हाला आमचं घर माहीत होतं. काळेवाडीतलं बौद्ध घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. तरी तुम्ही म्हणालात, "अगं, ह्यो काय आपला देव हाय का? भाता हाय. भात्याला हात जोडायला काय जातंय?"

निशिदा-सान मला विचारायला लागले काय झालं. मी सांगितलं, मी बौद्ध आहे. त्यांचा चेहरा उजळला. "मीसुद्धा," ते म्हणाले. "घरी बुद्धाची वेदी आहे. वडील गेले तेव्हा सगळं बुद्धाच्या मंदिरात झालं. नातू जन्मला तेव्हा इथं आणला. दोन्हीकडं जातो." मी हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण माझं कामच ते होतं. तुम्ही हसलात. "बघ. त्यो बी बौद्ध हाय, त्यो जातोय. तुलाच काय झालं?"

"त्यांना देवळाच्या पायरीवरून कुणी हाकललं नव्हतं, मामा. माझ्या आजीला हाकललंय."

मी हे मोठ्यानं बोलले नव्हते. तरी कमानीखाली ते वाक्य फार वेळ राहिल्यासारखं वाटलं. तुम्ही वळलात, आणि निशिदा-सानच्या मागं कडेकडेनं वर गेलात.

मी उभी राहिले. थंडी होती. वरून ढोलाचा आवाज आला, मग कुणाचं तरी लांब सुरात वाचन, जुन्या भाषेतलं, मला अर्धंच कळणारं. लोक जात होते, येत होते. हातात मोडक्या छिन्न्या, घासून संपलेल्या कानशी, बोथट झालेल्या कात्र्या कागदात गुंडाळून नेत होते. गावातली रीतच तशी, झिजलेली हत्यारं या दिवशी देवळात आणून ठेवायची, त्यांचे आभार मानायचे. कमानीशी येताना प्रत्येक जण वाकत होता आणि माझ्याकडं बघून जरा मान झुकवत होता. मी का उभी आहे हे कुणी विचारलं नाही. मग एक म्हातारी बाई टोपली घेऊन खाली आली. देवळातलीच असावी. तिनं टोपलीतली दोन संत्री माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, मी आत आलेले नाही. ती म्हणाली, "आत यायलाच पाहिजे असं नाही. संत्री मात्र घ्यायला पाहिजेत, नाहीतर थंडीत सर्दी होते." आणि रस्त्यापलीकडच्या घरांकडं निघून गेली, वाटत वाटत.

तुम्ही परत आलात ते डोळे लाल करून. आत एका उंच ओट्यावर लाकडी पेटीसारखा भाता ठेवला होता, त्याला नवं दोरखंड बांधलं होतं, एवढंच सांगितलंत. "आमचा कातड्याचा, ह्यांचा लाकडाचा. आवाज त्योच आसंल."

त्यानंतर पाच दिवस तुम्ही माझ्याशी फक्त मशीनबद्दल बोललात. मला वाटलं, तुमचा अपमान झाला. मीही हट्टानं गप्प. दोन इंजिनिअर आपल्या मधे बसून जेवायचे आणि काय झालंय हे त्यांना कळत नव्हतं.

रविवारी सकाळी मी कपडे घेऊन नाक्यावरच्या धुलाईच्या दुकानात गेले. तिथं नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायचे. थोड्या वेळानं तुम्ही आलात. तुमचे कपडे तुम्ही रोज हातानं धुवायचात, पिशवी आणली नव्हतीत. बाकावर माझ्या शेजारी बसलात. समोर कपडे गरगर फिरत होते आणि तुम्ही त्यांच्याकडं बघत बोललात.

"माझ्या बापाकडं येक बाई यायची. इळा घिऊन. तुमच्यातली. ती इळा हातात द्यायची न्हाई, भुईवर ठिवायची आन लांब व्हायची. मी तवा एकुणीस वर्साचा आसंल, घण मारायचो. मी त्यो इळा चिमट्यानं उचलायचो."

मी तुमच्याकडं बघितलं.

"तापल्याला नसायचा. गार इळा. तरी चिमट्यानं. मंग भट्टीत घातला की झालं, इस्तवानं समदं शुद्ध. बाप म्हणायचा म्हणून करायचो. पर हात माझा व्हता." तुम्ही उजवा हात पालथा करून बघितलात. "परवा त्या देवळात त्यो भाता बघितला आन मला बाप न्हाई आठवला. ती बाई आठवली. नाव बी ठावं न्हाई मला तिचं."

मशीन थांबलं. मी उठले, कपडे काढले, वाळवायच्या मशीनमध्ये टाकले. तुम्ही वाट बघत होतात, हे मला कळत होतं. मी म्हणाले, "वीस मिनिटं लागतील. तुम्ही जा पाहिजे तर." आणि तुम्ही गेलात.

मामा, हे राहिलं. तीन वर्षं राहिलं. तुम्ही काही मागितलं नव्हतंत, तरी मी काहीतरी द्यायला हवं होतं. माफ करणं माझ्या हातात नव्हतं, ती बाई मी नव्हे. "असू दे, तेव्हाचा काळच तसा होता," असं म्हणायला माझी जीभ वळली नसती, आणि ते खोटं तुम्हालाही आवडलं नसतं. पण हे तरी म्हणता आलं असतं, की आजपर्यंत कितीतरी लोकांनी मला सांगितलंय, आमच्यात असलं काही नव्हतं, आमच्या गावात तर सगळे मिळून मिसळून. हात माझा होता, असं म्हणणारे तुम्ही पहिले. ते ऐकून माझ्या छातीवरचं काहीतरी हललं होतं. मी तेव्हा ते दाखवलं नाही. वीस मिनिटं त्या गरम मशीनसमोर बसून मी आजीचा विचार करत होते आणि तुमचाही, आणि दोघांना एकाच वेळी मनात धरणं जमत नव्हतं. आता जमतं.

परतायच्या आदल्या दिवशी मीच तुमच्या खोलीचं दार वाजवलं. म्हटलं, मला ते देऊळ बघायचंय. तुम्ही स्वेटर चढवलात आणि निघालात. सण संपला होता, वाटेवर कुणी नव्हतं, कमानींवरून पानं गळत होती. पहिल्या कमानीशी आलो आणि तुम्ही थांबलात.

"तू जा. मी हितं थांबतो."

"का?"

"बघतो की, भाईर कसं वाटतंय."

मी एकटी वर गेले. हात धुतले, कारण पाणी स्वच्छ होतं आणि धुवावेसे वाटले. वाकले नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती उभी राहून बघितलं. तो भाता फार जुना होता. मूठ माणसांच्या हातांनी झिजून मधे बारीक झाली होती. एका बाजूला पेंढ्याच्या ताटात लोकांनी आणलेली हत्यारं अजून होती, आणि त्यांच्यात एक कानस मी ओळखली. तुमची होती. लाकडी मुठीवर तुम्ही तापल्या तारेनं अक्षर कोरायचात, तो "द" होता. दत्तोबाचा द. चाकणहून तुम्ही ती कानस बरोबर आणली होतीत आणि तिथं ठेवून आलात, आणि मला सांगितलंसुद्धा नव्हतंत.

खाली आले तर तुम्ही हात बगलेत घालून उभे.

"थंडी वाजती," म्हणालात. "लई येळ वाटतो भाईर."

मी हसले. तुम्हीही हसलात. मग उतरताना तुम्ही वाद उकरून काढलात तो पुढं शेवटपर्यंत चालू ठेवलात. उपकार मानणं आणि पूजा करणं एकच का? तुम्ही म्हणायचात, येगळं. मी म्हणायची, सुरुवात वेगळी असते, पुढं एक माणूस मधे बसतो, मग कुणी आत आणि कुणी बाहेर हे तो ठरवतो. तुम्ही म्हणायचात, मग मधी माणूसच बसवायचा न्हाई.

आणि तुम्ही ते करून दाखवलंत. पुढच्या खंडेनवमीला टूलरूममध्ये नेहमीसारखी झेंडूची तोरणं लागली, मशीनना हार घातले गेले. पूजेला बोलावलेला माणूस अकराला येणार होता. तुम्ही दहालाच सगळ्यांना गोळा केलंत. एका टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, त्यावर वर्षभरात झिजलेले ड्रिल, पंच, कानशी ओळीनं मांडलेल्या. माझ्या हातात तुम्ही कागद दिलात. त्यावर टूलरूममध्ये काम केलेल्या सगळ्यांची नावं होती. कायम, कंत्राटी, झाडू मारणाऱ्या दोन मावश्या, कॅन्टीनमधून चहा आणणारे काका.

"वाच," म्हणालात. "नारळ न्हाई, आरती न्हाई, कायबी न्हाई. कुणाच्या हातानं काम झालं त्येवढं वाच."

मी वाचलं. झाडणाऱ्या मावशींचं नाव आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला, कारण कंपनीत त्यांचं पूर्ण नाव मोठ्यानं कुणी घेतलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. वाचून झाल्यावर तुम्ही माझ्याकडं बघितलंत, म्हणजे आता बोल. मी म्हटलं, "हीसुद्धा पूजाच झाली, मामा."

"व्हय का? मग तू कशी केलीस?"

तुमच्या बाजूनं एक गुण लिहून ठेवा.

निवृत्तीनंतर तुम्ही मामींना घेऊन आमच्याकडं काळेवाडीला जेवायला आलात. मी घाबरले होते. आजी घरात होती. तिचं वय झालं तरी जीभ तेज आहे, आणि मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिनं नेहमीप्रमाणं विचारलं, कुठलं गाव, कुणाचे. तुम्ही सांगितलंत, लोहाराचं पोर. आजीनं तुम्हाला नीट निरखून बघितलं. मग आत जाऊन विळी घेऊन आली. "हिची धार गेलीया," म्हणाली. "आमच्या नातीला हजार रुपयांची सुरी आणाया येती, इळीला धार लावाया येत न्हाई."

ती विळी खाली ठेवणार होती. सवयीनं असेल, गुडघे दुखतात म्हणून असेल, कोण जाणे. तुम्ही झटकन उठलात आणि दोन्ही हात पुढं केलेत. तिनं विळी तुमच्या हातात दिली. मामी आणि आई पापडांबद्दल बोलत होत्या, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. तुम्ही ओट्याच्या कडप्प्यावर पाणी टाकून अर्धा तास धार लावत बसलात, भात निवेपर्यंत. आजीनं अंगठ्यानं धार बघितली आणि म्हणाली, "बरी झाली." याहून मोठं कौतुक ती कुणाचं करत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं विसरले. जाताना पायऱ्यांवर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "आजीचं नाव काय गं?" मी सांगितलं. सरूबाई. तुम्ही दोनदा म्हणून बघितलंत, पाठ करावं तसं.

त्या दिवशी सकाळी चालायला जाऊन आलात, चहा मागितलात आणि चहा यायच्या आत गेलात. मामींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या शांत होत्या. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोशीला गेले होते. त्या म्हणाल्या, "सुजाता, तिकडून आल्यापासून हे माणूस बदललं व्हतं. आधी पाण्याचा तांब्या कधी स्वतः उचलला न्हवता. मग स्वतःचं ताट घासाया लागले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणले, माझा हात वाईट वळणाचा हाय, त्याला वळण लावतोय. मला काय कळलं न्हाई. तुला ठावं हाय का?"

मी मामींना सगळं सांगितलं. कमान, कानस, धुलाईचं दुकान, विळा. सांगावं की नाही याचा विचार केला, पण तुम्ही गेल्यावर हे एकट्या माझ्यापाशी ठेवणं मला बरं वाटेना. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर काय मी खाल्लं असतं का त्यांना?" आणि मग रडल्या, पहिल्यांदाच, असं त्यांची सून म्हणाली. मी त्यांचा हात धरून बसले होते. निघताना त्यांनी माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी घातली आणि पुढच्या रविवारी आजीला घेऊन ये म्हणाल्या. आजी येणार आहे. तिनं साडीसुद्धा काढून ठेवलीय.

आता कंपनीतली बातमी. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं, काय हवं, आणि तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या ट्रेनिंगला पोरी पाठवा. सगळे हसले होते. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात यादी लागली. प्रेस शॉपमधल्या सहा मुली, त्याच कारखान्यात, सहा आठवडे. बीडची एक, परभणीच्या दोन, एक चिपळूणची, दोन इथल्याच. मी रोज दुपारी शिफ्ट बदलायच्या आधी त्यांना तासभर जपानी शिकवते. कॅन्टीनच्या मागच्या खोलीत पांढरा फळा लावलाय.

काल मी त्यांना त्या गावाबद्दल सांगत होते. डोंगर, कात्रीवाले, थंडी किती असते, जेवण गोड लागतं. देवळाबद्दलही सांगितलं, पाण्याची रीत, टाळ्या, कडेनं चालायचं. परभणीची प्रतीक्षा, जी एरवी वहीतून मान वर काढत नाही, तिनं हात वर केला.

"मॅडम, तिथं देवळात कुणालाही जाऊ देतात का?"

तिनं हे का विचारलं, ते मला कळलं. बाकीच्यांपैकी दोघींना कळलं असावं.

"देतात," मी म्हणाले. "कुणी विचारत नाही."

"आणि नाही जावंसं वाटलं तर?"

"तर नाही जायचं. बाहेर उभं राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. मी दोन्ही करून बघितलंय."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. एवढं काय लिहिलं ते मी बघितलं नाही. मग मी फळ्याकडं वळले आणि त्या दिवसाचं वाक्य लिहिलं, कारण तिथं पोचल्यावर पहिल्या सकाळी, सगळ्या कारखान्यासमोर, त्यांना हेच म्हणायचंय. आम्ही चाकणहून आलो आहोत. मी एकदा म्हणून दाखवलं. सहाजणी उभ्या राहिल्या, टोप्या काढल्या आणि एका दमात म्हणाल्या, "वाताशिताची वा चाकान कारा किमाशिता."

उच्चार फारसे बरोबर नव्हते, मामा. पण आवाज पार शॉपपर्यंत गेला, आणि दारात दोन-तीन माणसं काम सोडून बघायला आली.